तिच्या फोनवर नकाशा दिसत होता

आमच्या कार्यालयात तिला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे भिंगरी म्हणतात, आणि तीही ओ देते. तिच्या खुर्चीवर बहुतेक वेळ तिची पिशवी बसलेली असते. ती स्वतः जिन्यात, अंगणात गाड्यांच्या मधून, नाहीतर पाण्याच्या पिंपापाशी येरझारा घालत असते. विचार ती पायांनी करते. चालता चालता एकदम थांबली, की समजायचं, काहीतरी सुचलं; मग धावत येऊन, उभ्यानेच वाकून कीबोर्डवर काहीतरी बडवायचं आणि पुन्हा बाहेर. तिच्या सासूबाई म्हणतात, "आम्ही सून बघायला गेलो तेव्हा ही चहा घेऊन आली, कप ठेवला आणि गेली. आम्ही बघितली ती पाठच."

नवरा तिच्या अगदी उलट. तो दातांच्या कवळ्या बनवतो, घरीच, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. तिथे प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत असतात. "आमच्या घरात दात भरपूर आणि बोलणं कमी," असं ती सांगते. पण सासूबाईंमुळे ते खरं नाही.

आमचं काम रुग्णांची ने-आण करण्याचं. तातडीचे रुग्ण नाहीत. ज्यांना ठरलेल्या दिवशी डायलिसिसला, किरणोपचाराला किंवा व्यायामाला रुग्णालयात जावं लागतं, अशांना घरून न्यायचं आणि परत आणून सोडायचं. डायलिसिसच्या यंत्राची वेळ ठरलेली असते. गाडी उशिरा पोहोचली, तर तेवढा वेळ उपचारातून कापला जातो. म्हणून आमच्याकडे उशीर हा शब्द शिवीसारखा वापरतात.

भिंगरी इथे आली ती चालकांसाठी दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्या टाइप करायला. कागद हरवायचे, भिजायचे, घरं सापडायची नाहीत. तेव्हा व्यवसाय दोघा भावांचा होता. थोरले व्यवहार बघायचे. धाकट्यांना यंत्रांचं वेड. धाकटे म्हणाले, "आपण ॲप करू या." तिने संध्याकाळचा वर्ग लावला, इंटरनेटवरचे धडे बघितले, पुष्कळ वेळा रडली, आणि ॲप केलं. चालकाच्या फोनवर पुढच्या रुग्णाचं घर नकाशावर दिसायचं, आणि घरच्यांना गाडी कुठवर आली ते. तिच्या आयुष्यात तिने स्वतः, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत केलेली ही एकच गोष्ट. मूल नाही त्या घरात. सासूबाई पाहुण्यांना हे ॲप दाखवायच्या, "आमच्या सुनेचं आहे," म्हणून.

आता यातली एक बाब सांगायला हवी. नकाशा आमचा नसतो. तो एका मोठ्या कंपनीचा असतो, आणि आपल्या ॲपला तो हवा असेल तर ती कंपनी एक किल्ली देते. किल्ली म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. ती ॲपमध्ये लिहायची, की नकाशा उघडतो. किल्ल्या कोणाला द्यायच्या, कोणत्या रद्द करायच्या, हे सगळं कंपनीच्या संकेतस्थळावर मालकाच्या खात्यातून चालतं. त्या पानाला कन्सोल म्हणतात. आमचं ते खातं धाकट्यांनी स्वतःच्या नावाने उघडलं होतं. भिंगरीला त्यात डोकावता यायचं, किल्ल्यांना हात लावता यायचा नाही.

पुढे भावांचं बिनसलं. कशावरून, ते आम्हाला नीट माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं ते सांगतात, त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. धाकटे वेगळे झाले, पुलापलीकडे गॅरेज टाकलं. थोरल्यांनी फर्मान काढलं, की त्याच्याशी इथल्या कोणी बोलायचं नाही, गाडी तिकडे न्यायची नाही. गाड्या थोरल्यांच्या, कार्यालय थोरल्यांचं आणि किल्ल्यांचा जुडगा धाकट्यांच्या खिशात. भिंगरीने विषय काढून बघितला होता. थोरले म्हणाले, "त्याच्या दारात कोण जाणार? चालतंय ना? मग चालू दे."

ते एके सकाळी बंद पडलं.

पहिला फोन मामांचा. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने चालक. त्यांच्या जिभेला ब्रेक नाही, असं इतर चालक म्हणतात.

"भिंगरे, रस्ते कुठे गेले गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे नुसता राखाडी चौकोन आहे. पेशंटच्या घराची खूण आहे, पण ती हवेत लटकतेय. मी काय विमान चालवतो?"

तिने आपला फोन बघितला. रस्ते, गल्ल्या, पूल, सगळं जागच्या जागी. "माझ्या फोनवर दिसतंय, मामा. बंद करून उघडा."

"दोनदा केलं."

"फोनच बंद करून चालू करा."

"तेही केलं. आता मलाच बंद करून चालू करायचं राहिलंय."

तोवर बाकीच्यांचेही फोन सुरू झाले. सगळीकडे राखाडी. तिच्या एकटीच्या फोनवर नकाशा. मामा गाडी घेऊन अंगणात आले आणि हात पुढे करून म्हणाले, "तुझ्यावर चालतंय ना? मग दे तुझाच फोन." तिने दिला. मामा तिचा फोन घेऊन गेले आणि रुग्णाला वेळेवर पोहोचवून आले. त्यामुळे गोंधळ वाढला. तिला वाटलं, दोष चालकांच्या फोनमध्ये असेल. चालक म्हणाले, सगळ्यांचे फोन एकाच सकाळी बिघडले काय? आम्ही हिशेबाच्या खोलीतली माणसं भिंतीवरचा मोठा नकाशा बघून फोनवरून डावीकडे, उजवीकडे सांगत बसलो. एक आजी यंत्राची अर्धी वेळ संपल्यावर पोहोचल्या. रुग्णालयाच्या अधिकारीबाईंनी थोरल्यांना जे सुनावलं, ते भिंतीपलीकडे ऐकू आलं.

थोरले बाहेर आले ते लाल होऊन. "नवीन काय केलंस तू?"

"गेल्या आठवड्यात ॲपची नवी आवृत्ती चढवली होती, साहेब. पण तेव्हापासून कालपर्यंत चालत होतं."

"मग आज?"

"बघते."

"तू बघ. मीही बघतो." त्यांनी सगळ्यांसमोर एका कंपनीला फोन लावला. अशी कामं घेणारी कंपनी आहे; त्यांचे लोक आधी दोनदा येऊन गेले होते. "आमचं ॲप तुमच्याकडे घ्यायचं झालं तर किती दिवस लागतील?" असं त्यांनी विचारलं. भिंगरी दारात उभी होती. तिने ते ऐकलं आणि जिना उतरून गेली. अंगणात तिने गाड्यांभोवती किती चकरा मारल्या ते देव जाणे. मामा म्हणाले, "खाली खड्डा पडेल, बाई."

परत आल्यावर तिने मामांचाच फोन मागितला, तो वायरने कॉम्प्युटरला जोडला, ॲप उघडलं आणि आतल्या आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या ओळी वाचायला लागली. त्या भराभर वर सरकत होत्या. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. अर्थ असा होता: ही किल्ली या ॲपला वापरता येणार नाही, परवानगी नाही.

"कुलूप घातलंय," ती म्हणाली.

"कोणी?" थोरले मागेच उभे होते.

तिने सांगितलं ते मी माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो. प्रत्येक ॲपवर ते बनवणाऱ्याची एक सही असते, आणि त्या सहीचा एक ठसा निघतो, बोटाच्या ठशासारखा. किल्लीच्या मालकाला असं बंधन घालता येतं, की अमुक ठशाच्या ॲपनेच ही किल्ली वापरायची, बाकीच्यांनी नाही. आमच्या किल्लीवर आजवर असं बंधन नव्हतं. आता कोणीतरी घातलं होतं. आणि ते मालकालाच घालता येतं.

"मालक म्हणजे तो," थोरले म्हणाले.

भिंगरीने मामांचा फोन वायरीतून सोडवला.

थोरल्यांचा आवाज एकदम खाली आला. इतका वेळ त्यांना राग कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. आता जागा सापडली होती. "म्हणजे तुझी चूक नाही. मला वाटलंच होतं. गप्प बसून राहिला आणि बरोबर गळ्यापाशी आल्यावर दोरी ओढली." त्यांनी त्या कंपनीला फोन करून नको म्हणून कळवलं. रुग्णालयाच्या बाईंनाही फोन केला: "घरचाच माणूस आहे हो, काय सांगू!" आणि मला म्हणाले, "वकिलांना उद्या सकाळी बोलवा. रुग्णांच्या जिवाशी खेळ केलाय. मी याला सोडणार नाही."

दुपारपर्यंत सगळ्या कार्यालयाचं एकमत झालं होतं. धाकट्यांबद्दल ज्याला जे आठवेल ते तो सांगत होता. भिंगरीला सगळे म्हणत होते, सुटलीस बाई. तिचं ॲप तिच्याकडेच राहणार होतं. तरी तिचे पाय थांबेनात. जिन्यात मला गाठून म्हणाली, "काका, मला एक सांगा. मोडायचंच होतं, तर माझा फोन कसा सोडला?"

"म्हणजे?"

"माझ्या फोनवरचं ॲप मी माझ्या कॉम्प्युटरवरून थेट घातलेलं आहे. त्याचा ठसा वेगळा. तो ठसा चालतोय याचा अर्थ त्यांनी तो किल्लीवर मुद्दाम लिहिलाय. मी तो त्यांना एकदा पाठवला होता, अगदी सुरुवातीला. ज्याला दार बंद करायचंय, तो माझ्यापुरतं उघडं कशाला ठेवेल?"

तिला उत्तर नकोच होतं. ती पिशवी घेऊन निघाली.

पुढचं तिने नंतर सांगितलेलं आहे. धाकटे गॅरेजमध्ये एका गाडीखाली, खड्ड्यात उभे होते. तिचे पाय दिसले तसे आतूनच म्हणाले, "ही चाल ओळखीची आहे." मग डोकं बाहेर काढलं. "तू इकडे? थोरल्यांना कळलं तर?"

"कळेल तेव्हा कळेल. नकाशा का बंद केलात?"

"बंद? मी?" ते वर आले. हात कोपरापर्यंत काळे. "मी कुलूप घातलं. पण तुझा ठसा घातला ना त्यात! तूच पाठवला होतास."

"तो माझ्या कॉम्प्युटरचा ठसा, साहेब. चाचणीपुरता. चालक ॲप दुकानातून उतरवतात."

दुकान म्हणजे फोनवरचं ते दुकान, जिथून आपण सगळेच ॲप घेतो. ती समजावत गेली, की आपण ॲप तिथे चढवलं, की दुकान त्यावर आपली सही काढून स्वतःची करतं. तिथून उतरलेल्या प्रत्येक ॲपवर त्या सहीचा ठसा असतो, भिंगरीचा नाही. ते ऐकता ऐकता धाकटे खाली टायरवर बसले.

"म्हणजे सगळ्यांचं बंद? आणि तुझं एकटीचं चालू?"

"हो."

"अरे देवा. मी तर रात्री कुलूप घालून छान झोपलो."

"पण घातलंतच का?"

त्यांनी मनगटाने कपाळ पुसलं आणि तिला आतल्या टेबलापाशी नेलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तेलाचे डाग होते. नकाशाच्या कंपनीचा इशारा आला होता: तुमची किल्ली इंटरनेटवर उघड्यावर सापडली आहे, परके लोक ती वापरत आहेत, बंदोबस्त करा, नाहीतर आम्ही किल्लीच बंद करू. खाली, ती कुठे सापडली त्या पानाचा पत्ता होता. धाकट्यांनी तो उघडला.

ते अशा एका जागेचं पान होतं, जिथे ॲप बनवणारे लोक एकमेकांना अडचणी विचारतात. एका बाईने विचारलं होतं, की माझ्या ॲपमध्ये गाडीची खूण वळणावर उडी मारते, काय करू? सोबत तिने आपल्या कामाची अख्खी फाइल चिकटवली होती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मधोमध ती किल्ली. खाली कोणीतरी उत्तर दिलं होतं आणि त्या बाईने त्याचे मनापासून आभार मानले होते.

ती बाई म्हणजे भिंगरीच.

"घाई," ती एवढंच म्हणाली.

"होतं असं."

"मला फोन का नाही केलात?"

"तुला माझ्याशी बोलायला बंदी आहे. तू बोलली असतीस, कोणीतरी चुगली केली असती, तुझी नोकरी गेली असती. थोरल्याला केला. माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. म्हटलं, आपणच कुलूप घालू, काम झालं."

ती मध्येच उठली, गॅरेजच्या दारापर्यंत गेली, परत आली. मग दोघांनी काम केलं. दुकानाच्या खात्यातून तिने दुकानाचा ठसा काढला; धाकट्यांचे हात काळे, म्हणून तीच टाइप करायला बसली; परवलीचा शब्द तेवढा त्यांनी बोटाच्या पेराने दाबून दाबून भरला. जुन्या ठशाखाली नवा ठसा गेला. "थांब," ते म्हणाले, "तुझंही नाव मालकात घालतो. पुन्हा मला विचारायला यायला नको." तेही झालं. असल्या बदलाला लागू व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात तिने गॅरेजमधल्या एकूण एक गाडीला प्रदक्षिणा घातली. मग मामांना फोन लावला.

"ॲप बंद करून उघडा."

"पुन्हा तेच?"

"मामा, उघडा हो!"

जरा वेळ नुसती इंजिनची घरघर. मग मामा ओरडले, "आले! आले गं रस्ते! पूल पण आला!"

धाकटे हसले. तिला हसू आलं नाही. "साहेब, तिकडे उद्या सकाळी वकील येतायत. तुमच्यावर केस करायला."

त्यांचं हसू हळूहळू गेलं. फडक्याने ते एकेक बोट पुसत राहिले. "करू दे," ते म्हणाले. "त्याला मी वाईटच हवा आहे. तू मध्ये पडू नकोस. तुझं नाव निघालं, तर तो ॲप काढून घेईल. मी ओळखतो ना त्याला."

ती परत आली तेव्हा कार्यालयात चहा वाटला जात होता. थोरल्यांनी तिला स्वतः कप दिला. "घाबरला! वकिलाचं नाव कानावर गेलं असणार. सगळं मुकाट्याने उघडून दिलं. पण मी थांबणार नाही. आज उघडलं, उद्या परत बंद करेल."

"साहेब, मला जरा..."

"तू काळजी करू नकोस. त्या कंपनीला मी पायरीसुद्धा चढू देणार नाही. ॲप तुझं आहे, तुझंच राहील." आणि त्यांना रुग्णालयाचा फोन आला.

तिने कप न पिता ठेवला. त्या संध्याकाळी बोलायची संधी तिला पुन्हा मिळाली होती. थोरले केबिनमध्ये एकटे होते, दार उघडं होतं. ती दारापर्यंत गेली आणि पंखा चालू आहे का ते बघितल्यासारखं करून परत फिरली.

घरी नवरा एका कवळीचे दात बसवत होता. तिने सगळं सांगितलं, स्वयंपाकघर ते बाहेरची खोली अशा फेऱ्या घालत. तो चिमट्यात दात धरून ऐकत होता.

"सांगितलंस तर ॲप जाईल?"

"जाईल."

"नाही सांगितलंस तर?"

"राहील. आणि धाकटे साहेबही म्हणालेत, की सांगू नकोस."

"मग झालं तर. फिरतेस कशाला?"

"तेच कळत नाही."

आतून सासूबाई म्हणाल्या, "कळत नाही कसं? न केलेल्या गोष्टीसाठी माणूस कोर्टात उभा राहील आणि ही इथे ॲप ॲप करत फिरेल. आम्हाला त्या कोर्टात जाऊन बसायला लावशील तू, साक्षीला."

"तुम्ही काय साक्ष देणार, आई?"

"हेच, की सून चालून चालून फरशी झिजवते."

नवऱ्याने दात जागेवर बसवला, दाबून बघितला. "तुझं ॲप गेलं तर मला वाईट वाटेल," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे बरंच मोठं बोलणं होतं. "पण तुझ्याइतकं नाही. म्हणून मी काही सांगत नाही."

सकाळी वकील वेळेवर आले. केबिनचं दार उघडंच होतं. थोरले सांगत होते आणि ते लिहून घेत होते. मी कागद द्यायला आत गेलो होतो, तोच भिंगरी आली. दार वाजवायचं राहूनच गेलं.

"साहेब, लिहून घेऊ नका."

"काय झालं?"

"किल्ली मी उघड्यावर टाकली होती. इंटरनेटवर. मदत मागताना अख्खी फाइल टाकली, त्यात ती गेली. परके लोक वापरायला लागले. नकाशाची कंपनी ती बंदच करणार होती. धाकट्या साहेबांनी ती वाचवायला कुलूप घातलं. माझा ठसा त्यात घातला. तो चुकीचा निघाला, कारण मीच त्यांना चाचणीचा दिला होता आणि दुकानाचा वेगळा असतो हे कधी सांगितलं नव्हतं."

एका दमात बोलली. वकिलांचं पेन अर्ध्या ओळीवर थांबलं होतं.

"तुला हे कोणी सांगितलं?" थोरले म्हणाले.

"मी पुलापलीकडे जाऊन आले. काल. नकाशा तिथे बसून चालू केला."

"मी काय बजावलं होतं?"

"तिकडे जायचं नाही."

"आणि तू गेलीस."

"हो."

थोरल्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, घातला, काढला. "म्हणजे त्याने... मुद्दाम केलं नाही?"

"मुद्दामच केलं, साहेब. पण आपल्यासाठी. आधी तुम्हाला फोनही केला होता त्यांनी."

थोरल्यांनी चष्मा पुन्हा टेबलावर ठेवला. फोन त्यांना आठवत असणार, हे चेहऱ्यावरून दिसत होतं. वकिलांनी घसा खाकरला. "मग यात तक्रार कोणाविरुद्ध?"

"कोणाविरुद्ध नाही," थोरले म्हणाले. "तुम्ही चहा घ्या." मग तिच्याकडे न बघता: "रुग्णालयाच्या बाईंना मी काय तोंड दाखवू? घरचा माणूस, घरचा माणूस म्हणून सगळ्या गावाला सांगून बसलो. काल दुपारी तुला माहीत होतं. माझ्या हातचा चहा घेतलास, आणि बोलली नाहीस."

"प्यायले नाही," ती म्हणाली. हे ती चेष्टेने बोलली नव्हती.

"ॲप त्या कंपनीकडे जाईल. आता यात बदल नाही."

"बरं."

ती बाहेर आली. मामा दाराशीच होते. "काय गरज होती? सगळं शांत झालं होतं. नकाशा आला, पेशंट पोहोचले. तुला कोणी विचारलं होतं?"

"कोणी नाही."

"मग?"

"मामा, तुमची फेरीची वेळ झाली."

"ती मला ठाऊक आहे," असं म्हणत मामा गेले. पण अंगणातून गाडी काढताना त्यांनी उगीचच लांबलचक हॉर्न वाजवला.

ॲप घेणाऱ्या कंपनीकडून एक शांत, नीटनेटक्या बाई आल्या. भिंगरी सकाळपासून त्यांच्या शेजारी होती आणि त्या दिवशी ती खरोखर बसली होती. तिने सगळं दाखवलं. उघडी पडलेली किल्ली तिने आधीच बदलली होती. नवीला दोन्ही ठसे लावले होते. जुनी कधी रद्द करायची तेही सांगितलं, कारण ज्या चालकांनी नवी आवृत्ती उतरवली नव्हती त्यांचा नकाशा तोवर जुनीवरच चालणार होता. "घाईने रद्द करू नका," ती म्हणाली, "नाहीतर पुन्हा राखाडी." त्या बाई लिहून घेत होत्या. एकदा म्हणाल्या, "काम छान केलंय हो तुम्ही." भिंगरीने मान हलवली आणि पुढचं पान उघडलं.

शेवटी मालकांची यादी राहिली. थोरले येऊन मागे उभे राहिले. पडद्यावर तीन नावं होती: धाकट्यांचं, भिंगरीचं आणि नव्याने घातलेलं त्या बाईंच्या कंपनीचं.

"जुन्या मालकांचं नाव काढायचं ना?" त्या बाईंनी धाकट्यांच्या नावापाशी बाण नेत विचारलं.

थोरल्यांनी चष्मा घातला आणि वाकून ते नाव वाचलं.

"राहू दे," ते म्हणाले. "त्याने उघडलेलं खातं आहे."

"आणि यांचं?"

थोरल्यांनी तोंड उघडलं. काय म्हणणार होते, ते कळलं नाही, कारण भिंगरी म्हणाली, "माझं मी काढते." तिने माऊस आपल्याकडे ओढला. कन्सोलने खबरदारी म्हणून विचारलं, की तुम्ही स्वतःलाच काढताय, पुन्हा आत येता येणार नाही, नक्की? तिने हो म्हटलं. पान पुन्हा उघडलं तेव्हा त्यावर यादी नव्हती. हे पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही, एवढंच होतं. त्या बाईंना संकोच वाटला असावा. त्यांनी आपला कॉम्प्युटर जवळ घेतला आणि कामाला लागल्या.

भिंगरी उठली. पिशवी उचलली.

"सोमवारपासून फेऱ्यांचं वेळापत्रक तू बघ," थोरले म्हणाले. "पूर्वी बघायचीस तसं."

"बघते. पण साहेब, मी दुसरीकडेही काम बघतेय. ॲपचंच. मिळालं, की जाईन."

"अजून मिळालं नाही ना? मग आत्ता कशाला सांगतेस?"

"मागाहून सांगितलेलं तुम्हाला आवडत नाही ना."

थोरले काहीतरी बोलायला गेले, त्या बाईंकडे बघून थांबले, आणि मला म्हणाले, "काय बघताय? तुमचं काम झालं?" तोवर ती जिन्याच्या खालच्या वळणावर पोहोचली होती, दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होती.